आधी पाणी, मग दाणा, मग दूध

आमच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की भाव सांगायच्या आधी मी विचारतो, घरी पाणी कुठलं? माणूस जरा गोंधळतो. चहाची पूड घ्यायला आलोय, पाण्याची चौकशी कशाला, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. पण सांगलीत कृष्णेचं नळाचं पाणी येणाऱ्या घरात जी पूड झकास लागते, तीच जतकडे बोअरच्या पाण्यात टाकली तर चहा काळपट होतो आणि जिभेवर काही उरत नाही. पूड तीच, हात तोच, दुधाची पिशवीही तीच. फरक पाण्याचा.

सुटा चहा विकणं हा आमचा घरचा धंदा. अण्णांनी सुरू केला, आता मी बघतो. माल येतो तो बहुतेक आसामचा, थोडा दक्षिणेचा. त्याचं मिश्रण करून आम्ही पाव, अर्धा, किलो असं विकतो. गल्ल्यावर बसून लोकांच्या तक्रारी ऐकत आलो. रंग येत नाही, कडू लागतो, दूध फाटतं, हॉटेलसारखा होत नाही. जवळजवळ प्रत्येक वेळी कारण तीन ठिकाणांपैकी एका ठिकाणी सापडतं: पाणी, पुडीचा दाणा, किंवा दूध घालायची वेळ. महागडी पूड घेऊन हे सुटत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला जे तोंडी सांगतो ते इथं जरा सविस्तर लिहितोय.

पूड कशी बनते एवढं समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. चहाचं झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. आसामात त्याची मोठ्या पानाची जात, दार्जिलिंगला जास्त करून लहान पानाची चिनी जात. काळा चहा, हिरवा चहा हे सगळे याच झाडाचे. तोडणीनंतर पानाचं काय करतात त्यावर ते ठरतं. आपल्या घराघरात जी दाणेदार पूड असते ती सीटीसी, म्हणजे ‘क्रश, टिअर, कर्ल’: चिरडा, फाडा, वळा. तोडलेली पानं काही तास पसरून कोमेजवतात, मग वेगवेगळ्या गतीनं फिरणाऱ्या दातेरी रुळांमधून काढतात. तिथं पान चिरडतं, फाटतं आणि त्याची बारीक गोळी वळते. पानातला रस बाहेर येतो, त्याला हवा लागते आणि तासाभरात हिरवा लगदा तांबूस होतो. मग गरम हवेत वाळवून चाळण्यांवर दाणे वेगळे करतात. साधारण साडेचार किलो ओल्या पानातून किलोभर चहा निघतो. ही रुळांची पद्धत १९३०च्या सुमारास आसामातल्या अमगुरी बागेत विल्यम मॅककर्चर यांनी काढली. आपला दूध-साखरेचा उकळलेला चहा या दाण्यावरच उभा आहे. अख्ख्या पानाचा चहा दुधापुढं इतका टिकत नाही.

पानाला हवा लागते तेव्हा त्यातून दोन गोष्टी तयार होतात. एक थिआफ्लेविन, तिच्यामुळं चहाला सोनेरी-केशरी झळाळी आणि तोंडात तरतरी येते. दुसरी थिआरुबिजिन, तिच्यामुळं गडद लाल रंग आणि दाटपणा येतो. शिवाय कॅफीन आहेच, ते कडू. आता लक्षात घ्या: पातेल्यात चहा जितका जास्त वेळ उकळाल तितका रंग गडद होत जातो, पण झळाळी कमी होते आणि वास वाफेबरोबर निघून जातो. उरतो तो काळसर रंग आणि घशाला लागणारा तुरटपणा. रंग म्हणजे चव नव्हे, ही गोष्ट मी दिवसातून कितीदा तरी सांगतो. काळाभोर चहा बघून ‘व्वा, कडक झालाय’ म्हणणाऱ्याला जरा दूध न घालता एक घोट घ्यायला सांगतो.

पाण्याचं बघू. घरचं पाणी जड आहे का हे कळायला यंत्र लागत नाही. अंगाला साबण लावताना फेस येत नसेल, किंवा कुकरच्या तळाला पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे. आणखी एक खूण चहातच दिसते. थोडा कोरा चहा काचेच्या पेल्यात ओतून पाच मिनिटं ठेवा. जड पाण्याचा असेल तर वर तेलासारखा पातळ तवंग धरतो, चमच्यानं हलवला की त्याचे तुकडे होतात. पाण्यातला चुना आणि चहातला तुरट अंश एकत्र आले की हे होतं. लिंबाचा थेंब पिळला तर तवंग धरत नाही, कारण आंबटपणा चुन्याला बांधून ठेवतो. ज्यांचं पाणी जड आहे त्यांनी रात्री पाणी चांगलं खळखळून उकळून झाकून ठेवावं. सकाळपर्यंत बराचसा चुना पांढऱ्या चुऱ्यासारखा तळाला बसतो. वरचं पाणी अलगद घ्यायचं, तळाचं भांडी घासायला. एवढं केलं तरी चहात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

घरी आरओचं यंत्र असेल तर उलटी अडचण. त्या पाण्यात क्षार फारच कमी. चहाचा रंग स्वच्छ येतो पण तोंडात तो पातळ वाटतो. मी अर्धं आरओचं आणि अर्धं नळाचं पाणी घ्यायला सांगतो. दोन्ही प्रकारांनी करून बघा, तुमची जीभ तुम्हाला सांगेल. आणि चुना बसवायला रात्री उकळून ठेवलेलं पाणी सोडलं तर पाणी ताजं घ्या. सकाळी उकळून पातेल्यात राहिलेलं पाणी दुपारी परत तापवून चहाला वापरायचं नाही.

आता दाण्याकडं येतो, कारण सर्वात जास्त चहा इथं बिघडतो. पोत्यांवर इंग्रजी अक्षरं असतात. बीओपी आणि बीपी हे मोठे दाणे, मोहरीएवढे किंवा त्याहून मोठे. पीएफ त्याहून बारीक, खसखशीच्या जवळचा. डस्ट म्हणजे रव्यासारखी किंवा त्याहूनही बारीक. डस्ट म्हणजे कचरा असा एक समज आहे, तो डोक्यातून काढा. चांगल्या बागेची डस्ट ही त्याच पानाची, फक्त चाळणीतून शेवटी पडलेली. दक्षिण भारतात तर डस्टच जास्त चालते. दाणा बारीक म्हणजे पाणी त्याच्या आत लवकर पोचतं, रंग आणि चव झटक्यात उतरते. मोठ्या दाण्याला वेळ लागतो, पण त्याचा वास आणि गोडसर चव जास्त टिकते.

म्हणजे उकळायची वेळ घड्याळावर नाही, दाण्यावर ठरवायची. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर पूड टाकली असं धरून माझा हिशेब असा: डस्टला मिनिट, फार तर सव्वा, पीएफला दोन, बीपीला तीन, बीओपीला चार. हा दूध घालायच्या आधीचा वेळ, गॅस मंद करून. डस्ट पाच मिनिटं उकळणारं घर कडू चहाची तक्रार घेऊन येतं. बीओपी आणून मिनिटभरात दूध ओतणारं घर फुळकवणीची तक्रार घेऊन येतं. दोघांनी पुड्यांची अदलाबदल केली असती तर दोघंही खूश झाले असते.

दुकानात आम्ही जे मिश्रण करतो ते याच कारणासाठी. शहरातल्या नळाच्या पाण्यासाठी बीपी जास्त, थोडा पीएफ आणि रंगाला चिमूटभर डस्ट. बोअरच्या पाण्यासाठी बारीक दाणा वाढवतो आणि माल जरा जोरदार घेतो, कारण जड पाणी चव दाबून टाकतं. आसामात बागा डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बंद असतात, झाड विश्रांती घेतं. मार्चमध्ये पहिली तोडणी. मेअखेर-जूनमध्ये जी दुसरी तोडणी येते तिला आसामचा खरा दाटपणा असतो, भाजलेल्या धान्यासारखा एक गोडसर वास असतो. पावसाळ्यात पान भराभर येतं, माल भरपूर आणि स्वस्त, पण चवीला तेवढा उतरत नाही. म्हणून एकाच दुकानाची एकच पूड वर्षभर अगदी सारखी लागणं अवघड आहे. दुकानदारानं ती सांभाळून घ्यायची असते, मिश्रण बदलून.

पूड घेताना ती तळहातावर घेऊन बघा. दाणा एकसारखा हवा. रंग तपकिरीकडं झुकणारा काळा आणि थोडी चमक असलेला. अगदी कोळशासारखा काळा आणि निस्तेज दाणा मला आवडत नाही. काड्या, तांबडे तंतू जास्त दिसले तर माल हलका आहे. चिमूट तोंडाजवळ नेऊन त्यावर गरम श्वास सोडा आणि लगेच वास घ्या, ताजा माल असेल तर वास उठतो. रंग मिसळल्याची शंका असेल तर टिपकागद किंवा गाळण कागद ओला करून त्यावर पूड पसरा. मिनिटा-दोन मिनिटांत पूड झटकून टाका, कागद उजेडाकडं धरून बघा. चांगल्या पुडीचा फारसा डाग पडत नाही; रंग लावलेल्या पुडीचे तपकिरी-काळे ठिपके लगेच उमटतात.

दोन पुड्यांतली चांगली कुठली हे ठरवायचं तर आमच्यासारखं चाखून बघा, घरी सहज जमतं. दोन सारखे कप घ्या, दोन्हींत सपाट चमचाभर पूड घाला. सपाट चमच्यात दाणेदार पूड साधारण २ ग्रॅम बसते, डस्ट जड असल्यामुळं जरा जास्त. वर प्रत्येकी १४० मिलीलीटर उकळतं पाणी ओता, बशी झाकून पाच मिनिटं थांबा, मग गाळा. आधी चोथा बघा. चांगल्या चहाचा ओला चोथा नव्या तांब्यासारखा लालसर चमकतो. काळा किंवा हिरवट, मळकट असेल तर माल कच्चा राहिलाय किंवा शिळा आहे. मग चमच्यानं चहा घेऊन जोरात सुरका मारा, म्हणजे तो हवेबरोबर सगळ्या तोंडात पसरतो आणि वास नाकापर्यंत जातो. शेवटी दोन्ही कपांत चमचाभर दूध घाला. चांगला चहा लगेच केशरी-तांबूस उजळतो. हलका चहा मातकट, राखाडी होतो. हे दोन कप शेजारी ठेवून एकदा बघितले की जाहिरात वाचायची गरज पडत नाही.

आता प्रत्यक्ष चहा. दोन माणसांचा, मध्यम कप, साधारण १४० मिलीलीटरचे. पाणी २०० मिलीलीटर, दूध १२० मिलीलीटर, म्हणजे उकळून आणि चोथ्यात जाऊन दोन कप नीट भरतात. बीपी पूड दोन चमचे, किंचित शीग. साखर तुमच्या घरच्या सवयीप्रमाणे, मी दोघांत मिळून तीन छोटे चमचे घालतो. पातेलं दोन कपांसाठी मोठं घेऊ नका. पसरट भांड्यात पाणी भराभर आटतं आणि हिशेब चुकतो. दूध दुसऱ्या शेगडीवर वेगळं तापवायला ठेवा. हे एक काम बहुतेक लोक टाळतात आणि तिथंच हातचा चहा घालवतात. फ्रिजमधलं थंड दूध उकळत्या चहात ओतलं की उकळी मोडते. मग परत उकळी येईपर्यंत पूड दोन-तीन मिनिटं जास्त शिजत राहते, डस्ट असेल तर कडू झालीच म्हणून समजा.

आलं घालायचं असेल तर थंड पाण्यातच घालायचं आणि पाण्याबरोबर निदान दोन मिनिटं उकळू द्यायचं. आल्यात दूध फाडणारं एक एन्झाइम असतं. उकळत्या पाण्यात ते निकामी होतं. कच्चं आलं नंतर दुधाबरोबर टाकलं की चहा फाटतो आणि दोष मात्र दुधवाल्याला जातो. मी आलं किसत नाही, ठेचतो. बोटाच्या पेराएवढा तुकडा पाट्यावर किंवा खलात एकदा दणकन ठेचायचा, तुकडा फुटून रस बाहेर दिसेल इतपत. किसलेल्या आल्याचा तिखटपणा पुढं येतो आणि वास मागं राहतो. उन्हाळ्यात जुनं, रेषाळ आलं येतं, ते फार तिखट; तेव्हा तुकडा निम्मा करा. गवती चहाची पाती असेल तर तीही पाण्यातच, दोन वेटोळी करून, आणि त्या वेळेस पातेल्यावर झाकण ठेवा, नाहीतर वास स्वयंपाकघरात आणि चहा सपक.

पाण्याला खळखळून उकळी आली, साखर विरघळली, की पूड टाका. टाकल्याबरोबर गॅस मंद. पहिल्या काही सेकंदांत दाणे वर तरंगतात आणि तांबूस फेस धरतो. मग एकेक करून ते खाली बसायला लागतात, परत वर येतात. बीपीचा दाणा तीन मिनिटांत फुगून दुप्पट दिसतो. तो चमच्यावर घेऊन बोटानं दाबला की मऊ लागतो, आत टणक खडा राहत नाही. ही माझी खूण. वेळ मोजायचा कंटाळा असेल तर दाणा दाबून बघा.

मग गरम दूध धारेनं ओता. पातेल्याच्या कडेकडं बघा: कडेला आधी गडद तपकिरी रेघ दिसते, मधला भाग फिका. ती रेघ मिसळून सगळा चहा एका रंगाचा झाला, की गॅस मोठा. चहा वर चढेल. काठाला आला की मंद करा, खाली बसू द्या. पुन्हा मोठा, पुन्हा चढू द्या. दोन चढ पुरे. पळीनं चहा उंचावरून पातेल्यात ओतत राहणं दिसायला छान आहे, चहा त्यानं थोडा निवतो आणि फेस येतो. चवीसाठी त्याची गरज नाही. गॅस बंद करून वेलदोडा घाला, सालीसकट कुटलेला, दोघांना एक. वेलदोड्याचा वास उडून जाणारा, त्याला उकळायचं नाही. झाकण ठेवा, मिनिटभर थांबा, गाळा. गाळताना चोथा चमच्यानं गाळणीवर रगडू नका. जो तुरट अंश दाण्यात राहिला होता तो सगळा कपात उतरतो.

दूध शेवटी का, असं विचारतात. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट अंशाला धरून ठेवतं. दूध घातल्यावर चहा मवाळ लागतो तो त्यामुळं. पण सुरुवातीपासूनच दूध असेल तर पूड नीट उतरत नाही, मग जास्त पूड आणि जास्त वेळ लागतो. पुण्याच्या अमृततुल्यात पाणी, दूध, साखर, पूड एकत्रच शिजतं, ते खरंय. पण तिथं पितळी पातेलं सतत आचेवर, पुडीचा हात सढळ, साखर भरपूर, कुटलेला वेलदोडा आणि आलं मुबलक, आणि दर थोड्या वेळानं ताजा घाणा. ती चव वेगळी आणि ती मला फार आवडते. मुंबईच्या इराण्याकडं याच्या बरोबर उलट: कोरा चहा एका भांड्यात, आटवलेलं दूध दुसऱ्यात, आणि दोघांची गाठ कपात. घरी दोन कप करताना यातलं काहीच करायची जरूर नाही.

दुधाबद्दल एक सांगतो. टोन्ड दुधात चरबी ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६. फुल क्रीम घेत असाल तर दूध १२० ऐवजी ९० घ्या आणि तेवढंच पाणी वाढवा, नाहीतर चहाची चव सायीखाली दबते. म्हशीचं ताजं दूध असेल तर त्याहून कमी. कोल्हापूर-सांगलीकडं दुधाळ चहा लागतो हे मला माहीत आहे, पाहुण्याला दुधाळ चहा देणं हा मानाचाही भाग आहे. तसा करायचा तर पूड वाढवा, वेळ नको वाढवू.

गुळाच्या चहाची विचारणा आमच्याकडं कायम. ‘काका, तुमच्या पुडीनं गुळाचा चहा फाटला,’ असं म्हणत एक ताई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांना मी दुकानातच करून दाखवला. पुडीचा त्यात संबंध नसतो. गुळात आंबटपणा असतो, गूळ जुना असेल तर जास्तच, आणि आंबट चहात दूध उकळलं की ते फाटतं. पाण्यात गूळ, आलं आणि पूड घालून नेहमीप्रमाणे उकळा. गाळून कपात ओता. दूध वेगळं कडकडीत तापवा आणि मग कपात घाला. गूळ आणि दूध एकत्र आचेवर ठेवायचंच नाही. ताईंनी तो कप तिथंच उभ्यानं संपवला आणि पावकिलो पूड आणखी घेऊन गेल्या. गूळ साखरेच्या दीडपट लागतो, आणि गूळ घातल्यावर वेलदोड्यापेक्षा आलं किंवा सुंठ बरी लागते.

महाबळेश्वर-पाचगणीला हॉटेल चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे. तिथं पाणी ९५-९६ अंशांलाच उकळतं. दाणा उतरायला अर्धा मिनिट जास्त द्या, पूड वाढवू नका.

कुणी दार्जिलिंगचा पुडा भेट दिला तर तो पातेल्यात उकळू नका, एवढी कळकळीची विनंती. त्या चहाला दूध-साखर नको असते. दार्जिलिंगची मार्च-एप्रिलची पहिली तोडणी फिकट, फुलांच्या वासाची. मे-जूनची दुसरी तोडणी तांबूस, तिला पिकल्या द्राक्षासारखा वास असतो. २००४मध्ये भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं ते याच चहाला. पाणी उकळून गॅस बंद करा, झाकण काढून एक-दोन मिनिटं थांबा, मग कपाला चमचाभर पानं टाकून झाका. मोठी पानं हलकी असतात, चमचा शिगोशीग घ्या. तीन मिनिटांत गाळून सगळा चहा दुसऱ्या भांड्यात काढा, पानं पाण्यात बसू देऊ नका. हिरव्या चहाला पाणी आणखी निवलेलं हवं, ७५-८० अंश, आणि दोन मिनिटं. हिरवा चहा कडू लागतो म्हणणाऱ्या बहुतेकांनी त्यावर उकळतं पाणी ओतलेलं असतं. आसामचा अख्ख्या पानाचा चहा मात्र उकळत्या पाण्यानंच करा, चार मिनिटं, तो घट्ट छातीचा असतो.

पूड ठेवायची कशी? चहा ओल आणि वास दोन्ही ओढून घेतो. हिंगाच्या, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलेली पूड आठवड्यात बिघडते. शेगडीजवळच्या फळीवर काचेची बरणी छान दिसते, पण उष्णता आणि उजेड दोन्ही तिला लागतात. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, कोरडा चमचा, आणि महिनाभर पुरेल एवढीच खरेदी. पावसाळ्यात पंधरा दिवसांची. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर डब्यात दव धरतं. नवी पूड जुन्यावर ओतू नका. आधी डबा रिकामा करून, पुसून, वाळवून घ्या.

शेवटी मोठ्या कार्याचं, कारण बारसं, हळदीकुंकू, साखरपुडा असला की दुकानात हमखास विचारतात, पन्नास माणसांना किती पूड? दोन कपांचं प्रमाण पंचवीस पट करू नका. मोठ्या भांड्यात पाणी कमी आटतं आणि उष्णता जास्त वेळ टिकते, त्यामुळं पूड कमी लागते. कार्यातला कप छोटा, नव्वद मिलीलीटरचा धरला तर पन्नास कपांना पाणी ३ लीटर, दूध २ लीटर, पूड ७५ ते ८० ग्रॅम, साखर ३५० ग्रॅम, ठेचलेलं आलं ५० ग्रॅम, वेलदोडे पंधरा-वीस. पूड स्वच्छ धुतलेल्या मलमलीच्या फडक्यात सैल बांधून सोडा; फडक्यात ती फुगायला जागा हवी. वेळ झाली की पुरचुंडी उचलून घ्यायची, मग दूध. पूड भांड्यात तशीच राहिली की शेवटच्या वीस माणसांना कडू चहा मिळतो. माणसं टप्प्याटप्प्यानं येणार असतील तर कोरा चहा आणि दूध वेगवेगळ्या थर्मासात भरा, दोन्ही थर्मास आधी गरम पाण्यानं विसळून. दूध मिसळलेला चहा थर्मासात तासाभरानंतर उतरतो. वेगळा ठेवला तर दोन तास चांगला राहतो, साखर देताना घालायची. आणि चोथा कुंडीत टाकणार असाल तर आधी दोन पाण्यांत धुवा, दूध-साखर राहिली की मुंग्या लागतात.